बाझेल आणि स्वान्झी : इंधनघटाचा पत्रव्यवहार

नोव्हेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन येथे पंधरा देश आणि युरोपीय आयोग अशा सोळा सदस्यांनी हायड्रोजनविषयक संशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय भागीदारी स्थापन केली. भारत तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. इंधनघटाच्या संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य हा विषय निघाला की बोलणारे बहुधा या करारापासून आरंभ करतात. फार मागे गेले तर १९७३ च्या तेलसंकटापर्यंत जातात. आमच्या मते हा आरंभ सुमारे एकशे पस्तीस वर्षे उशिराचा आहे. या विषयात सहकार्य पुढे केव्हातरी आले असे नाही. इंधनघट जन्मलाच मुळी दोन देशांच्या दरम्यान, टपालात. आणि त्याचे जन्मदाते दोघे होते, ज्यांचे त्या घटाच्या उपपत्तीविषयी कधीच पुरते एकमत झाले नाही.

आम्ही मराठीचे अध्यापक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु पत्रे वाचणे हा आहे. बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक प्रमाण मानावे हा धडा आपल्याकडे राजवाड्यांनी घालून दिला. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८९९ मध्ये, मायकेल फॅराडे आणि क्रिस्तिआन फ्रीड्रिख शोनबाइन यांचा १८३६ ते १८६२ या काळातील पत्रव्यवहार बाझेल आणि लंडन येथून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हा निव्वळ योगायोग, पण आम्हांला तो सुखावून गेला. विज्ञानाच्या इतिहासातही बखरी आहेतच : अमक्याने अमक्या साली अमुक शोध लावला, असे सांगणाऱ्या. पत्रे काढून पाहिली की त्या बखरींचा नायक विरघळू लागतो.

इंधनघट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. पाण्यातून वीज सोडली तर पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू निराळे होतात. इंधनघटात याच्या उलट घडते : हे दोन वायू एकमेकांत मिसळून पेटू न देता, मध्ये एक विद्युद्वाहक द्रव किंवा पडदा ठेवून, त्यांचा संयोग घडवून आणतात. पाणी तयार होते, आणि ज्वाळेच्या रूपाने जाणारी ऊर्जा बरीचशी विजेच्या रूपाने तारेत उतरते. साध्या विद्युत्-घटातील द्रव्य घटातच असते व संपते. येथे इंधन बाहेरून येत राहते तोवर घट चालू राहतो. मराठीत 'घट' हा शब्द या यंत्राला फारच शोभतो. आजच्या चपट्या थरांना तितका नाही, पण ग्रोव्हच्या काचनळ्यांना निश्चित.

पाणी फोडण्याची पहिली हकीकतही एका पत्राचीच आहे. २० मार्च १८०० रोजी व्होल्टाने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत आपल्या नव्या चितीचे वर्णन लिहून पाठविले. युरोप युद्धात होता. पत्र दोन हप्त्यांत पोहोचले. पहिला हप्ता हाती येताच बँक्स यांनी तो मित्रांना दाखविला, आणि त्यावरून विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी स्वतःची चिती रचून मे १८०० च्या आरंभी पाण्याचे दोन वायू वेगळे केले. व्होल्टाचे पत्र सोसायटीपुढे रीतसर वाचले गेले ते जूनच्या अखेरीस. म्हणजे शोधाचा पुढचा टप्पा मूळ शोधाच्या प्रसिद्धीआधीच पार पडला होता! असे आज घडले तर वकिलांची चंगळ होईल.

आता मुख्य कथेकडे वळू. शोनबाइन १७९९ मध्ये व्यूर्टेंबर्गमधील मेट्झिंगेन गावी जन्मला. ऐन विशीत त्याने इंग्लंडमध्ये एका शाळेत शिकविले होते. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात तो प्राध्यापक झाला आणि आयुष्यभर तेथेच राहिला. या इंग्लंडच्या वास्तव्याने त्याला एक गोष्ट दिली, जी पुढे कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक उपयोगी पडली : इंग्रजी भाषा. १८३६ मध्ये त्याने फॅराडेला पहिले पत्र लिहिले. विषय होता लोखंडाचा एक चमत्कारिक गुण : तीव्र नायट्रिक आम्लात बुडविलेले लोखंड एकाएकी निष्क्रिय होते. फॅराडेने ते पत्र 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापविले. त्या काळी खासगी पत्र आणि शोधनिबंध यांच्यामधील भिंत अशी पातळ होती. पत्र मित्राला लिहायचे, आणि ते चार दिवसांनी जगाने वाचायचे, यात कोणालाच वावगे वाटत नसे.

याच मासिकाच्या जानेवारी १८३९ च्या अंकात शोनबाइनचे एक टिपण आले. ज्या प्लॅटिनमच्या तारांतून आधी वीज सोडली होती त्या नंतर काही काळ स्वतःच उलट्या दिशेने वीज देतात, हे त्याने पाहिले होते. त्याने शोधले की हा परिणाम तारेभोवतीच्या हायड्रोजनमुळे होतो, आणि या प्रवाहाचे मूळ हायड्रोजन व पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन यांच्या संयोगात आहे. तत्त्व येथे सांगून झाले होते.

पुढच्याच महिन्याच्या अंकात विल्यम रॉबर्ट ग्रोव्हचे टिपण आहे. ग्रोव्ह वेल्समधील स्वान्झीचा, वयाने शोनबाइनहून बारा वर्षांनी लहान, आणि पेशाने बॅरिस्टर. टिपण डिसेंबर १८३८ मध्ये लिहिलेले. पण त्याला जानेवारीत एक पुरवणी जोडलेली आहे, आणि इंधनघटाचा सगळा इतिहास त्या पुरवणीवर टेकलेला आहे. तीत ग्रोव्ह सांगतो की त्याने दोन नळ्यांत प्लॅटिनमच्या पट्ट्या ठेवल्या, एकीत हायड्रोजन व दुसरीत ऑक्सिजन भरला, दोन्हींची तोंडे सौम्य आम्लात बुडविली, आणि सुई ढळली ती ढळलेलीच राहिली. अशा अनेक जोड्या एकापुढे एक जोडून पाणी जुळताना निघालेल्या विजेने पाणीच फोडता येईल, अशी आशाही तो व्यक्त करतो.

मग शोध कोणाचा? बखरकारांची दोन घराणी येथे फुटतात. इंग्रजी ग्रंथ ग्रोव्हला इंधनघटाचा जनक म्हणतात, जर्मन भाषक अभ्यासक शोनबाइनचे नाव पुढे करतात. एका महिन्याचे अंतर हाताशी असल्यावर राष्ट्राभिमानाला दुसरे काय हवे? स्वतः त्या दोघांनी मात्र या प्रश्नावर भांडण केले नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या बर्मिंगहॅम येथील अधिवेशनाला शोनबाइन गेला. तेथे दोघांची भेट झाली आणि जवळजवळ तीस वर्षांच्या मैत्रीला प्रारंभ झाला. शोनबाइनने या इंग्लंडयात्रेवर एक पुस्तकही लिहिले; ते १८४२ मध्ये बाझेल येथे, एका जर्मन निसर्गशास्त्रज्ञाच्या प्रवासवहीतील टिपणे अशा आशयाच्या नावाने आणि लेखकाच्या नावावाचून निघाले.

ग्रोव्हच्या संयमाचे आम्हांला अधिक नवल वाटते. हा मनुष्य वकील होता, आणि पुढे एकस्वांच्या कायद्यात नाव मिळविलेला वकील होता. छायाचित्रणाच्या हक्कांविषयी १८५४ मध्ये गाजलेल्या खटल्यात टॅलबटच्या बाजूने तो उभा राहिला होता. १८७१ मध्ये तो न्यायाधीश झाला. शोधाची मालकी म्हणजे काय, हे त्याच्याइतके जाणणारा दुसरा शास्त्रज्ञ त्या पिढीत क्वचितच असेल.

ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने फॅराडेला पत्राने कळविले की त्याची 'वायुचिती' सिद्ध झाली आहे. पन्नास जोड्यांची ही चिती. तिचा धक्का हातात हात धरलेल्या पाच माणसांना जाणवे. एकट्याने घेतला तर वेदना होत. कोळशाच्या टोकांमध्ये भर दिवसा दिसेल अशी ठिणगी पडे. आणि पाण्याने पाणी फोडण्याची चार वर्षांपूर्वीची आशाही फळाला आली. त्यासाठी किमान सव्वीस जोड्या लागत. याच लेखात ग्रोव्हने एक वरवर किरकोळ निरीक्षण नोंदविले आहे : वायू, द्रव आणि प्लॅटिनम ही तिन्ही जेथे एकत्र भेटतात तेवढ्याच रेषेवर क्रिया घडते, आणि म्हणून ही भेटीची जागा वाढविणे हाच खरा प्रश्न आहे. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत इंधनघटावर जे संशोधन झाले त्यातील फार मोठा भाग या एका वाक्याचे भाष्य आहे असे म्हटले तर तज्ज्ञ रागावणार नाहीत अशी आशा आहे.

शोनबाइनला ही चिती आवडली. तिची उपपत्ती पटली नाही. १८४३ मध्ये त्याने त्याच मासिकात लिहिले की प्रवाह निर्माण करण्यात ऑक्सिजनचा प्रत्यक्ष वाटा नाही. कर्ता हायड्रोजन, ऑक्सिजनचे काम गौण. ग्रोव्हने उत्तरादाखल केवळ युक्तिवाद केला नाही. निरनिराळे वायू निरनिराळ्या नळ्यांत भरून त्याने प्रयोगांची मालिकाच उभी केली, आणि १८४३ मध्ये रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये चितीच्या कार्याची मीमांसा करणारा विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. हवेतील ऑक्सिजन मोजण्यासाठी या चितीचा उपयोग कसा करता येईल, हेही त्यात आले. आमचा मुद्दा येथे आहे. ग्रोव्हला सहमत सहकारी लाभला असता तर या प्रयोगांची निकड त्याला इतकी भासली नसती. शोनबाइनची उपपत्ती टिकली नाही, हे खरे. पण तिने ग्रोव्हकडून जे करवून घेतले ते टिकले. चुकीचे पण प्रामाणिक आणि उघडपणे मांडलेले मत हे सहकार्याचेच एक रूप असते, आणि त्याला कोणत्याही सामंजस्य करारात रकाना नसतो.

या मंडळींनी शब्दही असेच, पत्रांतून घडविले. ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द फॅराडेने एकट्याने बनविले नाहीत. १८३४ मध्ये केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्रे लिहून, सुचविलेले काही नाकारून, काही स्वीकारून ते ठरविले. शोनबाइनने विजेच्या यंत्राजवळ येणाऱ्या वासाच्या कारणाला 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ओझोन हे नाव दिले. परिभाषा घडविताना भाषेच्या जाणकाराला विचारावे लागते ही गोष्ट त्या काळच्या शास्त्रज्ञांना ठाऊक होती, एवढेच आम्ही पेशाला स्मरून नोंदवितो.

फॅराडेचे शोनबाइनला लिहिलेले अखेरचे पत्र सप्टेंबर १८६२ चे आहे. स्मृतिभ्रंशाने त्याला ग्रासले होते. पत्रे लिहून पुन्हा पुन्हा फाडतो, कारण लिहिलेले निरर्थक असते. शब्द जुळत नाहीत. आता यापुढे लिहिणार नाही, अशा आशयाच्या थोड्या ओळी आणि प्रेमाचा निरोप. सव्वीस वर्षांपूर्वी निष्क्रिय लोखंडाच्या चर्चेने सुरू झालेला संवाद येथे थांबतो. विज्ञानाच्या इतिहासात हे पत्र कशात बसवावे हे कोणालाच नीट कळत नाही, म्हणून बहुधा ते चरित्रात जाते. आम्हांला ते इंधनघटाच्या इतिहासातच ठेवावेसे वाटते.

यानंतरची शंभर वर्षे आपण भराभर ओलांडू. १८८९ मध्ये इंग्लंडात स्थायिक झालेला जर्मन उद्योगपती लुडविग मोंड आणि त्याचा साहाय्यक कार्ल लँगर यांनी कोळशापासून केलेल्या वायूवर चिती चालवून पाहिली. प्लॅटिनमच्या किमतीपुढे व्यवहार जमेना. १८९४ मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्डने जर्मन विद्युत्-रसायनज्ञांपुढे येते शतक ज्वलनाचे नव्हे, तर विद्युत्-रासायनिक ज्वलनाचे असेल असे भाकीत केले. ते खोटे ठरले. विसावे शतक इंजिनाचे झाले.

मात्र ४ फेब्रुवारी १९२३ या तारखेवर थोडे थांबले पाहिजे. त्या दिवशी केंब्रिजमध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी 'डीडॅलस' हे व्याख्यान दिले. इंग्लंडचा कोळसा संपल्यावर पवनचक्क्यांच्या रांगा वीज निर्माण करतील, वारा मुबलक असताना त्या विजेने पाणी फोडून वायू द्रवरूपात जमिनीखाली साठविले जातील, आणि वारा पडल्यावर ते पुन्हा जुळवून, बहुधा ऑक्सिडीकरणाच्या घटांतून, वीज परत मिळविली जाईल, असे चित्र त्यांनी रंगविले. आजच्या 'हरित हायड्रोजन'च्या प्रत्येक आराखड्यातील मुख्य आकृती हीच आहे. हाल्डेन जीवशास्त्रज्ञ; हा त्यांचा विषयच नव्हता. १९५७ मध्ये ते भारतात आले, १९६१ मध्ये भारतीय नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे वारले. भारतातील हायड्रोजन-चर्चेत त्यांचे नाव फारसे निघत नाही, ही आपल्या विस्मरणशक्तीची कमाल होय.

हाल्डेन यांचे व्याख्यान झाले त्याच सुमारास फ्रान्सिस टॉमस बेकन हा केंब्रिजमध्ये यंत्रविद्या शिकत होता. १९३२ च्या सुमारास त्याने इंधनघटाचा ध्यास घेतला, प्लॅटिनमऐवजी निकेल आणि आम्लाऐवजी अल्कली वापरली, आणि १९५९ मध्ये केंब्रिजला चाळीस घटांच्या संचावर ओझी उचलणारी गाडी व गोल करवत चालवून दाखविली. अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने परवाना घेऊन ही रचना अपोलो यानांसाठी विकसित केली. चंद्राकडे जाणाऱ्या यानात असे तीन संच असत. ते वीज देत, आणि त्यांतून निघणारे पाणी अंतराळवीर पीत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ वरील ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला तेव्हा ऑक्सिजनअभावी हे घटच मंदावत गेले. ऑक्सिजनचे काम गौण मानणाऱ्या शोनबाइनची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

बेकनच्या कथेतही दोन देश आहेत, पण त्यांच्यामध्ये आता पत्र नाही, परवाना आहे. याला आम्ही ऱ्हास म्हणणार नाही. ग्रोव्हची चिती मेजावर मावत होती. यानातील घटाला कारखाना लागतो, आणि कारखान्याला हिशेब लागतो. तरीही काहीतरी बदलले हे नाकारता येत नाही.

तेलसंकटानंतर सहकार्याला संस्थारूप आले. १९७४ मध्ये तुर्की वंशाचे अभियंते नेजात वेझिरोग्लू यांच्या पुढाकाराने मायामी येथे परिषद भरली व तिच्यातून हायड्रोजन-ऊर्जेची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने देशोदेशींचा संशोधन-करार केला. पुढे २००३ ची भागीदारी. तिच्या यजमान राष्ट्रानेच २००९ मध्ये हायड्रोजन-मोटारींवरील निधीला मोठी कात्री लावण्याचा प्रस्ताव आणला. त्यांच्या कायदेमंडळाने तो हाणून पाडला. सरकारांच्या मैत्रीला अर्थसंकल्पाइतकेच आयुष्य असते.

या काळातील आम्हांला सर्वांत भावलेले सहकार्य बसगाड्यांचे आहे. २००३ पासून युरोपातील नऊ शहरांत, प्रत्येकी तीन याप्रमाणे, सत्तावीस इंधनघट-बस रोजच्या वाहतुकीत फिरल्या. गाडी जर्मन, घट कॅनडातील बॅलार्ड कंपनीचे. त्याच जातीच्या तीन बस आइसलँडच्या रेक्याविकमध्ये आणि तीन ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये धावल्या. गाडी तीच, हवामान, चढण, उतारू आणि हायड्रोजन मिळविण्याची रीत मात्र निराळी. काही शहरांत तो पाणी फोडून मिळवीत, काही ठिकाणी नैसर्गिक वायूपासून. एकच प्रयोग निरनिराळ्या परिस्थितींत करून पाहण्याची ही पद्धत ग्रोव्हला ओळखू आली असती.

पुण्यातही अशी एक बस आहे. केपीआयटी कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी मिळून तयार केलेली ही इंधनघट-बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात सादर झाली. त्याआधी २०२० मध्ये या मंडळींनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने मोटारीवर चाचण्या घेतल्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली.

आणि आता वाद पुन्हा शब्दावर आला आहे. 'स्वच्छ' हायड्रोजन म्हणजे कोणता? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ मध्ये जगाने सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला; त्यात कमी उत्सर्जनाने तयार केलेला एक टक्काही नव्हता. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना सुमारे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घटातून पाणीच निघते, हे खरे. पण धूर आधीच कोठेतरी दुसरीकडे निघालेला असतो. २००३ च्या त्या भागीदारीने बरीच वर्षे खपून हे उत्सर्जन मोजण्याची एक सामाईक रीत तयार केली, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तिच्या आधारे तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध केला. कराराच्या संसारातील हे काम आम्ही मोलाचे मानतो. निदान मापाची भाषा एक झाली.

परंतु माप एक झाले तरी अर्थ एक झालेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताने ठरविले की किलोमागे बारा महिन्यांच्या सरासरीने दोन किलोपेक्षा अधिक उत्सर्जन नसेल तरच हायड्रोजनला 'हरित' म्हणावे. युरोपीय संघाची मर्यादा ३.३८ किलोच्या आसपास येते. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्याने चार किलोपर्यंतचा हायड्रोजन 'स्वच्छ' ठरवून करसवलतीस पात्र केला. त्यामुळे किलोमागे तीन किलो उत्सर्जनाचा हायड्रोजन बंदरातून निघताना स्वच्छ असतो आणि मुंबईला उतरताना त्याचा हिरवा रंग गेलेला असतो. ॲनोड आणि कॅथोड ठरविताना ह्यूएल आणि फॅराडे यांना काही पत्रे पुरली होती.